पावणेपाच मिनिटं

"मावशी, ही कॅसेट रिकामीच आहे की," कानावरचे हेडफोन खाली घेत ते गृहस्थ म्हणाले.

जालन्यात जुन्या कॅसेटवरचं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून देणारं एक दुकान आहे असं कळलं, म्हणून मी अंबडहून सकाळच्या एसटीने गेले होते. पिशवीत एकच कॅसेट. इतकी वर्षं ती देवघरातल्या डब्यात, गंगेच्या गडूशेजारी ठेवलेली.

"रिकामी नाही हो," मी म्हटलं. "जरा थांबा."

त्यांनी पुन्हा हेडफोन चढवले. मी मनातल्या मनात जप धरला. बऱ्याच वेळाने त्यांनी मान हलवली.

"हां, आहे. कुणीतरी बोललं. पण त्याआधी पावणेपाच मिनिटं नुसती खरखर. मधे एकदा कावळा ओरडतो, एकदा कुणी एक शब्द पुटपुटतं, तेवढंच. तो तुकडा मी कापून टाकतो, म्हणजे ऐकणाऱ्याला कंटाळा नको."

"नको!" मी एवढ्या जोरात म्हटलं की माझी मीच दचकले. "कापू नका, दादा. मी त्यासाठीच आणलीय."

गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. आमचे सासरे नरहरबुवा हे अंबडच्या पंचक्रोशीत नाव असलेले कीर्तनकार. घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. आवाज असा, की ते राममंदिरात उभे राहिले की पलीकडच्या गल्लीतल्या बायका भाकऱ्या थापता थापता आख्यान ऐकायच्या. त्यांना स्वतःला मात्र आपल्या आवाजाचा भरवसा नसायचा. त्यासाठीच त्यांनी कडी धरून हातात नेता येईल असा काळा टेपरेकॉर्डर आणला होता. रोज सकाळी नमन म्हणायचं, टेप करायचं, आणि मग चोर पकडायला बसावं तसं ऐकत बसायचं.

"कालिंदी, तोंड आरशात दिसतं. आवाज बघायला हाच आरसा," असं मला म्हणायचे. आणि मधेच बोट वर करून, "हे बघ! बुवांनी इथे श्वास चोरला!" बुवा म्हणजे ते स्वतःच.

त्या वैशाखात एका सकाळी त्यांच्या हातून चिपळ्या गळून पडल्या. महिनाभराने इस्पितळातून घरी आले ते लुळा उजवा हात घेऊन, आणि एकच शब्द घेऊन.

"म्हणजे."

हा त्यांचा कीर्तनातला शब्द. अवघड ओवी म्हणून झाली की थांबायचे, उपरणं सावरायचे, "म्हणजे" म्हणायचे, आणि पुढे इतकं सोपं करून सांगायचे की लहान मुलालाही कळावं. आता पुढचं सगळं गेलं होतं. एवढा दाराशीच उभा राहणारा शब्द तेवढा मागे राहिला होता.

"म्हणजे..." अण्णा म्हणायचे.

"पाणी हवंय?" माई विचारायच्या. माई म्हणजे माझ्या सासूबाई.

मान आडवी हलायची.

"मग उशी? दिगंबरला हाक मारू? ऊन येतंय का डोळ्यावर?"

"म्हणजे!"

"कळलं, कळलं. चहा. कालिंदे, आधण ठेव गं."

चहा यायचा. अण्णा तो मुकाट्याने प्यायचे. हवा होता की नव्हता, तो रामराया जाणे.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, "रोज सकाळी, डोकं ताजं असताना सराव घ्या. नुसता शब्द फुटत नसेल तर सुरावर फुटेल. गाणाऱ्या माणसाचं तसं होतं कधी कधी. पण सहा-आठ महिन्यांत जे येईल ते येईल. पुढचं सांगवत नाही."

मी लहानपणापासून नेमधर्मातली. तुळशीच्या प्रदक्षिणा, हजार वाती, सोळा सोमवार, जे जमेल ते करत आले. त्या आषाढी एकादशीला रामरायापुढे संकल्प सोडला: चातुर्मासभर सकाळी उठल्यापासून दुपारचा नैवेद्य होईपर्यंत मौन. अण्णांना वाचा दे, त्यांच्याऐवजी माझी तेवढी ठेवून घे. या व्रताच्या उद्यापनाला देवळात घंटा बांधायची असते. तीही बोलून आले.

घरी येऊन पाटीवर लिहून दाखवलं, तेव्हा माईंनी कपाळावर हात मारला.

"शाबास! एकाची वाचा गेली म्हणून दुसरीने गहाण टाकली! आता सकाळी या घरात बोलायला मी आणि तो कुंपणावरचा कावळा."

हे हसले. माझ्या यजमानांचं, दिगंबरांचं हसू नेहमी मिशीतल्या मिशीत. "अगं, पण डॉक्टरांनी सराव सकाळचा सांगितलाय ना? तो तूच घेणार होतीस."

खरंच ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. घरात पेटी वाजवता येणारी मी एकटी. अण्णांनीच शिकवलेली.

"मी घेऊ सराव?" माई म्हणाल्या. "मला सा कुठला आणि सांजा कुठला ते कळत नाही."

संकल्प तर सुटला होता. देवाला दिलेलं मागे घेणं मला जमणारं नव्हतं. दुपारी नैवेद्य झाल्यावर तोंड उघडलं आणि पहिलं वाक्य बोलले, "सकाळचं माझं बोलणं मी आदल्या संध्याकाळी टेप करून ठेवेन."

आणि तसंच सुरू झालं. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला की पेटी पुढ्यात घ्यायची. तांबडं बटण आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही एकदम दाबायची. "अण्णा, सा लावू या." मग सूर, मग त्यांनी म्हणावं म्हणून रिकामी जागा. "आता रे." पुन्हा रिकामी जागा. मग त्यांचं नमन, एकेक शब्द तोडून. सकाळी ओसरीवर अण्णांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवायचा, बटण दाबायचं, आणि आपण वाती वळत खाली बसायचं.

पण यंत्राला थांबणं कुठलं कळतंय? मी ठेवलेली जागा मला ऐसपैस वाटायची, अण्णांना ती उंबऱ्याएवढीसुद्धा पुरायची नाही. त्यांचे ओठ सा साठी जुळत असायचे तोवर माझा आवाज रे वर पोचलेला असायचा. ते पुन्हा धावायचे, पुन्हा मागे पडायचे. एकदा चिडून डाव्या हाताने स्टूलच ढकललं. मी दुसऱ्या संध्याकाळी जागा वाढवल्या. तरी कमीच पडल्या.

श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात देवळातले विनायक गुरुजी आले. कार्तिक द्वादशीचं कीर्तन तीस वर्षं अण्णांचं. गुरुजी माणूस भला, दारातच घुटमळले.

"माई, बुवांना जमणार नसेल तर परतूरच्या बुवांना सांगून ठेवावं लागेल. नवरात्र झालं की कळवा. घाई नाही हो. पण..."

"सांगून टाका परतूरकरांना," माई म्हणाल्या. "आता कसलं कीर्तन."

आतल्या खोलीत अण्णा जागे होते. मी पाणी घेऊन गेले तर भिंतीकडे तोंड करून पडलेले. "म्हणजे," ते भिंतीला म्हणाले. माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत.

त्यानंतर आठ-दहा दिवस त्यांनी सरावाला तोंडच उघडलं नाही. मी बटण दाबायची, माझाच आवाज एकटा सा रे करत राहायचा, आणि दोघं मुके त्याच्याकडे बघत बसायचो.

मग तो सोमवार उजाडला. माई देवळात गेलेल्या, हे कचेरीत. लाइट गेलेली, म्हणून टेपरेकॉर्डर सेलवर लावला होता. सेल जुने झालेत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. नमनाच्या दुसऱ्या ओळीला माझा आवाज जड व्हायला लागला. मग घोगरा. चक्री मंद मंद फिरायला लागली तसा सूर पायऱ्या उतरावा तसा खाली खाली जायला लागला. पेटीसुद्धा रडायला लागली. एखादी म्हातारी म्हैस नमन म्हणतेय असं वाटावं.

अण्णांची मान ताठ झाली.

"म्हणजे..." ते म्हणाले. डावा हात हवेत. "म्हणजे... म्हणजे..."

मला कळत होतं. बंद करू का? सेल बदलू का? जिभेवर आलेले शब्द मी दातांनी धरले. पदराचा शेव तोंडात कोंबला. अण्णांच्या कपाळाची शीर तटतटली. यंत्र एक शेवटचा उसासा टाकून थांबलं. सगळी ओसरी गप्प. अण्णांचे ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मला वाटलं, आता व्रत मोडेन, पण यांना सोडवेन.

"बे..." अण्णा म्हणाले. मग कितीतरी वेळाने, "सूर."

आणि त्यांनी माझ्याकडे अशा रागाने पाहिलं, जसे पूर्वी पेटीवर बोट चुकलं की बघायचे.

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. बोलता येत नव्हतं, रडता येत होतं.

दुपारी नैवेद्य दाखवला आणि सगळ्यांना सांगितलं. संध्याकाळी हे आले, तसे सगळे अण्णांभोवती गोळा झालो.

"अण्णा, म्हणा ना, बेसूर!"

"बे, अण्णा, बे..."

"अहो, बघा माझ्याकडे. बे-सूर."

"म्हणजे," अण्णा म्हणाले. आणि मान खाली घातली.

माई मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "तुला भास झाला गं. उपासतापास करून कानात वाजतं कधी कधी." रागाने नाही म्हणाल्या. त्यांना आशेची भीती वाटत होती.

माझं मन मानेना. ह्यांच्याकडून नवे सेल आणि एक कोरी कॅसेट आणवली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवला आणि धडा लावायच्याऐवजी तांबडं बटण आणि शेजारचं, दोन्ही दाबून गप्प बसले. अण्णा बोलले तर पुरावा राहील, एवढाच विचार. बाजू संपली तसा तो आपोआप थांबला. संध्याकाळी सगळे जमले तेव्हा कॅसेट उलटी करून तसाच पुन्हा चालू ठेवला. अण्णा उठून आत गेल्यावर मी माईंना आणि ह्यांना बसवलं.

"ऐका."

पहिली बाजू लावली. खरखर. खरखर. कावळा.

"यात काही नाहीये," हे म्हणाले.

"थांबा ना."

टेपमधे अण्णांचा आवाज आला. "म्हणजे..." मग पुन्हा खरखर. मला ते दिसत होतं. बटणं दाबलेली आहेत आणि यंत्र बोलत नाही, तेव्हा अण्णा कसे एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मी वाती वळत होते. माई चुळबुळल्या. ह्यांनी घड्याळ काढलं. पावणेपाच मिनिटं. आणि मग, विहिरीतून भरलेली घागर वर यावी तसं, हळूहळू, ओझ्याने वाकत आलेलं:

"म्हणजे... आज... हे... गप्प?"

माईंनी तोंडावर हात घेतला. "देवा रे! यंत्राबद्दल विचारतायत!"

"आता ही बाजू," मी म्हटलं आणि कॅसेट उलटी केली.

या बाजूला खरखर नव्हतीच. बाजार भरला होता. बोला ना, म्हणा ना, अहो, अण्णा, बे म्हणा, चहा देऊ का, दमलात का. त्या गलक्याच्या तळाशी अण्णा होते. "म्हणजे, मा..." असं त्यांनी सुरू केलेलं स्पष्ट ऐकू आलं. "मा" एवढंच. लगेच एक बाईमाणसाचा मऊ, घाईचा आवाज, "माई हव्यात? माळ देऊ? माठातलं पाणी?"

तो आवाज माझा होता.

मी पुन्हा मागे नेऊन ऐकलं. पुन्हा तेच. अण्णांनी सहा वेळा काही सुरू केलं होतं. सहातल्या चार वेळा मी त्यांचा शब्द तोंडातून काढून घेतला होता. सगळं गाव म्हणायचं, कालिंदी म्हणजे गरीब गाय, तोंडातून शब्द निघत नाही. त्या "मा"च्या पुढे काय होतं ते मला आजवर कळलेलं नाही.

"मी किती बोलते गं," माई हळूच म्हणाल्या.

"तुमच्यापेक्षा माझंच जास्त आहे, माई."

"हो," माई म्हणाल्या. "तू हळू बोलतेस म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही."

हे मिशीतसुद्धा हसले नाहीत.

माईंनी खुंटीवरची जपाची माळ काढली. "त्यांनी तोंड उघडलं की मी माळ धरणार. एकशे आठ मणी होईस्तोवर या घरात कुणी मधे बोलायचं नाही. दिगंबरा, तूसुद्धा."

माईंनी ते पाळलं. तीस वर्षं माझ्या बघण्यात त्यांनी केलेलं हेच सगळ्यांत कडक व्रत. अण्णा "म्हणजे" म्हणाले की माईंचा अंगठा मण्यांवर सुरू. डोळे अण्णांकडे, ओठ घट्ट, आणि आतल्या आत नुसतं उकळतंय. एकदा दूध उतू गेलं तरी उठल्या नाहीत. अर्ध्या माळेला कधी "मीठ" आलं, तर कधी पाऊण माळेला "नको". पोळ्याच्या दिवशी माळ संपता संपता "दिगंबर" आलं, तेव्हा हे बाहेर जाऊन हौदावर तोंड धुऊन आले. सकाळचा सरावही बदलला. मी धडे टेप करणं सोडलं. पेटीवर नुसता सा धरून ठेवायचे, आणि टेपरेकॉर्डर ऐकत बसायचा. दुपारी अण्णा आपलाच आवाज पुन्हा ऐकायचे, पूर्वीसारखे, बोट वर करून.

दसऱ्यानंतर गुरुजी विचारायला आले. माई दारात गेल्या, काही बोलणार तोच आतून आवाज आला.

"म्हणजे..."

माईंनी गुरुजींना हाताने थांबवलं आणि माळ धरली. गुरुजी गोंधळून उभे. माळ अर्धी झाली.

"नमन... मी," अण्णा म्हणाले.

ठरलं. नमन अण्णांनी करायचं, पुढचं आख्यान परतूरकर बुवांनी.

कार्तिक द्वादशीला सकाळी माझ्या व्रताचं उद्यापन झालं. पितळी घंटा मंडपाच्या दारात बांधली. गुरुजी म्हणाले, "कीर्तनाचं नमन झालं की पहिला टोल तुम्हीच द्यायचा. तोवर आजचं मौन, मग सुटलं." म्हणून चार वाजता मी दारातच उभी होते. मंडप भरलेला. बुवा पुन्हा उभे राहणार ही बातमी गावभर झाली होती. पुढे बायकांत माई. पेटीवर रंगनाथराव, अण्णांचे वीस वर्षांचे साथीदार.

अण्णा उभे राहिले. फेटा ह्यांनी बांधलेला. चिपळ्या डाव्या हातात. रंगनाथरावांनी सा दिला. अण्णांनी डोळे मिटले.

"म्हणजे..." ते म्हणाले.

आणि थांबले.

सगळ्या मंडपाला ते नमन पाठ. तीस वर्षं ऐकलेलं. मला दिसत होतं, कितीतरी ओठ हलायला लागले. रंगनाथरावांनी प्रेमाने पहिला शब्द सांगायला तोंड उघडलं. माईंनी बसल्या जागेवरून हात वर केला. मुठीत माळ. रंगनाथराव तसेच थांबले. त्या हाताकडे बघून एकेक करत सगळा मंडप गप्प झाला.

माईंचा अंगठा मण्यांवर फिरत होता. अण्णांच्या कपाळाची शीर दिसायला लागली. पेटीचा सा एकटाच. मागून चपला काढत कुणी उशिरा आलेल्या बाई आत आल्या आणि सवयीने त्यांचा हात वर, नव्या घंटेकडे गेला. मी पुढे होऊन घंटेचा लोलक मुठीत धरला. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी नुसती मान हलवली.

माळ मेरुमण्यापर्यंत आली. ठरल्याप्रमाणे आता कुणी बोललं तरी चाललं असतं. माईंनी मेरू ओलांडला नाही. माळ उलटी फिरवली आणि पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरुवात केली.

अण्णांनी डोळे उघडले.

"म्हणजे... ऐका," ते म्हणाले, आणि सा लावला.

पूर्वीसारखा नव्हता. चिरकलेला होता, एका बाजूला कललेला होता. पण पेटीला नेमका चिकटला. एकेक शब्द, मधे लांबच लांब जागा, आणि त्या जागांत कुणी खोकलंसुद्धा नाही. शेवटची ओळ संपली. अण्णा रंगनाथरावांकडे वळले, डाव्या हाताचं बोट वर केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बुवांनी... श्वास... चोरला."

रंगनाथराव हसता हसता पेटीवर डोकं टेकवून रडले.

मी तशीच उभी होते. लोलक मुठीत घामेजला होता. सोडावा की नाही, सुचत नव्हतं. माईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. डोळे पुसले, माळ गळ्यात घातली.

"वाजव गं आता," त्या म्हणाल्या. "त्यांचं बोलून झालं."